गज ज्याच्या हातात, गाण्यावर नाव त्याचंही हवं

स्टीव्ह विकम या डब्लिनच्या व्हायोलिनवादकाची दोन गाणी शेजारीशेजारी ठेवून ऐकावीत. पहिलं 'संडे ब्लडी संडे', यू-टू या बँडचं, 1983 सालच्या अल्बममधलं. दुसरं 'फिशरमन्स ब्लूज', द वॉटरबॉइज या बँडचं, 1988 सालचं. दोन्हींत वाजवणारा माणूस एकच. पहिल्या गाण्यात तो पाहुणा वादक आहे. गाणं बँडच्या नावावर आहे. दुसऱ्या गाण्याच्या रचनेचं श्रेय मात्र माइक स्कॉट आणि स्टीव्ह विकम अशा दोघांना मिळालेलं आहे. माझ्या मते हे दोन्ही निर्णय रास्त आहेत. ते का रास्त आहेत हे एकदा नीट समजलं, की साथीच्या वादकांना एकरकमी बिदागी देऊन गाण्याच्या मालकीतून कायमचं बाहेर ठेवण्याची जी रीत डब्लिनपासून मुंबईपर्यंतच्या स्टुडिओंत रुळली, ती का मोडायला हवी हेही स्पष्ट होतं.

विकमची कथा सुरू होते बसस्टॉपवर. पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकलेला हा विशीतला मुलगा. डब्लिनमध्ये यू-टूचा गिटारवादक एज त्याला बसस्टॉपवर भेटला आणि त्याने सरळ विचारून टाकलं, तुम्हाला व्हायोलिनवाला हवा आहे का. त्यातून विंडमिल लेन स्टुडिओचं दार उघडलं. गाणं होतं उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात 30 जानेवारी 1972 रोजी ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडून तेरा जणांचे जागीच प्राण घेतले त्या दिवसाचं. लष्करी कवायतीसारखा ड्रम, कडक गिटार, आणि त्या दोघांच्या मधून वर चढत जाणारा व्हायोलिनचा ताणलेला, किंचित फाटका स्वर. ध्वनिमुद्रणात तो स्वर अंगावर येतो. पण यू-टूने हे गाणं मंचावर वर्षानुवर्षं व्हायोलिनशिवाय वाजवलं, आणि एकाही श्रोत्याला गाणं ओळखायला अडचण आली नाही. व्हायोलिनने गाण्याला धार दिली, पण गाण्याचा सांगाडा त्याच्याविना उभा होता.

आता दुसरं गाणं. 'फिशरमन्स ब्लूज' सुरू होतं तेव्हा गिटारचे ठोके पडतात, मँडोलिन किणकिणतं आणि लगेच फिडलची, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेल्या व्हायोलिनची, ती धून येते. शब्द यायच्या आधी ऐकणाऱ्याच्या मनात गाणं येऊन बसलेलं असतं. कडव्यांच्या मध्ये तीच धून परत येते, शेवटी आवाज थांबतो तरी ती चालूच राहते. ती काढून टाकून उरलेलं कुणाला ऐकवलं तर चार कॉर्ड आणि एक सुंदर कविता ऐकू येईल. लोक ज्याला हे गाणं म्हणतात ते ऐकू येणार नाही.

फरक इथेच आहे, आणि माझी कसोटीही हीच. उद्या तो वादक नसला तर त्याच्या जागी आलेल्या माणसाला तेच सूर वाजवावे लागतील का? लागणार असतील, तर ते सूर म्हणजे साथ नव्हे, ती रचना आहे. रचना करणारा रचनाकार असतो, मग त्याने ती कागदावर लिहून आणलेली असो की ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागल्यावर गजातून काढलेली असो.

या कसोटीला उतरणारं एक जुनं उदाहरण लंडनचं आहे. द हू या बँडच्या 'बाबा ओ'रायली' या 1971 च्या गाण्याचा शेवट व्हायोलिनवर होतो. तो वाजवला ईस्ट ऑफ ईडन या बँडच्या डेव्ह आर्बसने. मंचावर व्हायोलिनवादक नसायचा, तेव्हा गायक रॉजर डॉल्ट्री तो भाग माउथ ऑर्गनवर वाजवायचा. वाद्य बदललं, माणूस बदलला, पण तो भाग वगळून गाणं संपवता येईना. रचनेचं श्रेय मात्र एकट्या पीट टाउनशेंडचं. टाउनशेंडच्या प्रतिभेबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी त्या शेवटच्या मिनिटभराला दुसरा बाप आहे असंच मला वाटतं.

आर्बसने ईस्ट ऑफ ईडन सोडल्यावर त्याची जागा घेतली ती लिमरिकच्या जो ओ'डॉनेल या आयरिश व्हायोलिनवादकाने. आयरिश फोक-रॉकमध्ये इलेक्ट्रिक व्हायोलिन घेऊन पुढे आलेल्यांत तो पहिल्या फळीतला. दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवून झाल्यावर त्याने 1977 मध्ये 'गेल्स व्हिजन' हा स्वतःचा अल्बम काढला. रोरी गॅलाहरसारखा गिटारवादक त्यावर पाहुणा म्हणून वाजवून गेला. म्हणजे व्हायोलिन मध्यभागी आणि गिटार पाहुणी. असा उलटा क्रम फार थोड्या व्हायोलिनवादकांच्या वाट्याला येतो. बहुतेकांचं आयुष्य दुसऱ्याच्या नावाच्या फलकाखाली जातं, आणि म्हणूनच त्यांच्या हक्काचा प्रश्न कुणीतरी मोठ्याने मांडायला हवा.

इथे वाद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण साथीचा वादक म्हणजे सांगितलेलं वाजवणारा हा गैरसमज वाद्याकडे नीट पाहिलं की टिकत नाही. साधं व्हायोलिन रॉक बँडमध्ये नेलं की दोन संकटं येतात. ड्रमच्या आवाजात ते बुडतं; आणि मायक्रोफोन लावून आवाज वाढवला की मोठ्या स्पीकरचा आवाज त्याच्या पोकळ लाकडी पेटीत शिरून शिट्टी घुमू लागते. म्हणून घोडीखाली तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा पिकअप बसवतात, किंवा पेटी नसलेलं भरीव व्हायोलिनच घेतात. इथवर हे तंत्रज्ञाचं काम झालं. पण त्या संकेताला विकमने गिटारवाल्यांचा, आवाज मुद्दाम खरखरीत करणारा फझ पेडल जोडला, आणि त्याच्या वादनाला 'फझ फिडल' हे नाव पडलं. गिटारची तार छेडली की स्वर लगेच विरायला लागतो. गजाचा स्वर विरत नाही. हात चालेल तोवर तो धरता येतो, दाबता येतो, मध्येच फुगवता येतो. असा धरलेला स्वर फझमधून गेला की किंकाळी आणि गाणं यांच्या सीमेवर कुठेतरी पोचतो. गज किती दाबायचा, तारेवर घोडीजवळ न्यायचा की लांब, पेडल कुठल्या सुराला दाबायचा, हे कुठल्याही गीतकाराने लिहून दिलेलं नसतं आणि त्याला लिहून देता येणारही नाही. ते वाजवणाऱ्याच्या कानात आणि मनगटात असतं.

विकम वॉटरबॉइजमध्ये 1985 च्या सुमारास आला. तोवर हा बँड भव्य, दणदणीत रॉकसाठी ओळखला जायचा. माइक स्कॉट हा स्कॉटिश गायक-गीतकार त्याचा कर्ता. विकमच्या आग्रहाने स्कॉट डब्लिनला आला, तिथून बँड गॉलवेजवळच्या स्पिडलला गेला, आणि अडीच-तीन वर्षांत त्याचं संगीत मुळापासून बदललं. रील, जिग, वॉल्ट्झ अशा नाचाच्या चाली, अमेरिकी कंट्री, आयरिश कवी येट्सची कविता आणि पारंपरिक गाणं एकाच अल्बममध्ये नांदू लागलं. त्या काळात किती वाजवलं गेलं याचा अंदाज 2013 मध्ये निघालेल्या संचावरून येतो: त्यात 121 ध्वनिमुद्रणं आहेत. हा बदल स्कॉटने मनापासून घडवला हे खरं. पण त्याच्या खोलीत रोज फिडल वाजत नसतं तर तो घडला असता असं म्हणायला मी तयार नाही.

आणि मग 1990. स्कॉटला पुन्हा ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारकडे वळायचं होतं, विकमला ते पटलं नाही, आणि नवा अल्बम बाजारात येत असतानाच विकम बाहेर पडला. अशी फारकत कुठल्याही बँडमध्ये होते. त्यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पुढे सन 2000 च्या सुमारास तो परतला आणि 2022 पर्यंत सोबत राहिला. मधली दहा वर्षं तो स्लायगोकडे, पश्चिम किनाऱ्यावर, स्वतःचं संगीत करत होता. या दहा वर्षांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. बँडमधली जागा ही नोकरीसारखी असते, आज आहे उद्या नाही. रचनेतला वाटा तसा नसतो. 'फिशरमन्स ब्लूज' रेडिओवर वाजलं, चित्रपटात घेतलं गेलं, दुसऱ्या कुणी गायलं, तरी श्रेयात विकमचं नाव होतंच. बँड सोडल्याने ते पुसलं गेलं नाही. ज्या वादकाच्या हाती फक्त बिदागीची पावती असते, त्याला बँड सुटला की गाणंही सुटतं.

हा प्रश्न न्यायालयातही तपासला गेला आहे. द ब्लूबेल्स या स्कॉटिश बँडचं 'यंग ॲट हार्ट' 1984 मध्ये गाजलं. व्हायोलिनची नाचरी धून हा त्याचा प्राण. ती वाजवली बॉबी व्हॅलेंटिनो या नावाने वाजवणाऱ्या सेशन वादकाने, म्हणजे एका ध्वनिमुद्रणापुरतं बोलावलेल्या वादकाने. 1993 मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत गाणं आलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. वादकाने दावा लावला. 2002 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने मान्य केलं की धून त्यानेच रचली, तो गाण्याचा सहरचनाकार आहे. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही ते उचलून धरलं. तसंच दुसरं प्रकरण प्रोकोल हॅरम या बँडच्या ऑर्गनवादकाचं. 1967 च्या गाण्यासाठी मॅथ्यू फिशर 2005 मध्ये न्यायालयात गेला, आणि 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा संगीतातला 40 टक्के वाटा कायम केला. अडतीस वर्षं उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, असं देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं.

हे निकाल मला मोलाचे वाटतात, पण पुरेसे वाटत नाहीत. लंडनच्या न्यायालयात वर्षानुवर्षं लढायला पैसा लागतो आणि पाठीचा कणा लागतो. ज्या निर्मात्याकडून उद्याचं काम मिळायचं आहे त्याच्यावर कोण दावा लावेल? म्हणून हक्क सिद्ध करायचा बोजा वादकावर टाकणं चुकीचं आहे. तो स्टुडिओच्या दारातच ठरला पाहिजे.

याच्या विरोधात जे म्हटलं जातं त्यातलं काही वजनदार आहे. निर्माते म्हणतात, प्रत्येक वादकाला वाटा दिला तर गाण्याचे वीस मालक होतील. चित्रपटाला परवानगी हवी असेल तर वीस सह्या, आणि पुढे त्यांच्या वारसांच्या. अडचण खरी आहे. पण मी प्रत्येकाला वाटा मागतच नाही. 'संडे ब्लडी संडे'त विकमने मागितला असता तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले नसते. प्रश्न फक्त त्या धुनांचा आहे ज्यांच्यावाचून गाणं गाणं राहत नाही, आणि अशी धून एका गाण्यात एखाददुसरीच असते. परवानगी देण्याचा अधिकार एकाकडे ठेवून पैशांची वाटणी अनेकांत करता येते; धंद्यात हे रोज होतं.

दुसरं म्हणणं असं, की जोखीम गीतकार आणि कंपनी घेते, वादक ठरलेले पैसे घेऊन घरी जातो. गाणं पडलं तर तो पैसे परत करतो का? नाही करत. पण गीतकाराला कंपनीने आगाऊ दिलेली रक्कमही गाणं पडल्यावर परत मागितली जात नाही, आणि तरी गाणं चाललं की त्याचा वाटा चालू राहतो. येट्स 1939 मध्ये वारला. युरोपात त्याच्या शब्दांवरचा हक्क मृत्यूनंतर सत्तर वर्षं, म्हणजे 2009 अखेरपर्यंत टिकला. वॉटरबॉइजने 2010 मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये त्याच्या कवितांचा संगीत प्रयोग केला तेव्हा त्या कविता नुकत्याच सगळ्यांसाठी मोकळ्या झाल्या होत्या. कवीच्या ओळीला मरणानंतर सत्तर वर्षांचं संरक्षण, आणि वादकाने बांधलेल्या आठ मात्रांना त्याच संध्याकाळी बिदागीबरोबर निरोप, हे कुठल्या न्यायात बसतं?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो संगीतावरच्या प्रेमातून येतो. आयरिश परंपरेत धून कुणाची नसते. पबमध्ये वादक गोल करून बसतात, एक रील संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, आणि ती कुणी बांधली हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. स्लायगोच्या मायकल कोलमनने 1920 आणि 30 च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये फिडलच्या तबकड्या केल्या. त्या समुद्र ओलांडून परत आल्या आणि आयर्लंडभरचे वादक त्या ऐकून वाजवायला शिकले. तिथे मालकीचे कागद असते तर ही वाट बंद झाली असती, असं परंपरेचे जाणकार म्हणतात. मला ते पटतं. पबमधल्या रीलवर कुणी मालकी सांगू नये. मात्र फोक-रॉकमध्ये मालकी आधीच सांगितली गेलेली असते. हॉर्सलिप्स या आयरिश बँडने 1973 मध्ये 'जॅरग डूम' या गाण्याची गिटारवरची धून एका जुन्या आयरिश संचलनगीतावरून उभी केली. जुनं संचलनगीत सगळ्यांचंच राहिलं, गाणं बँडचं झालं. धून बाजारात उतरली की ती कुणाच्या तरी नावावर चढणारच. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की फक्त माइकसमोरच्या माणसाचं नाव चढणार, की गज धरलेल्याचंही.

सरकारांनी काहीच केलं नाही असं नाही. युरोपीय संघाने 2011 मध्ये ध्वनिमुद्रणाचं संरक्षण 50 वरून 70 वर्षांवर नेलं, तेव्हा वाढीव वीस वर्षांतल्या कमाईतले 20 टक्के एकरकमी पैसे घेतलेल्या वादकांसाठी बाजूला ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. पण हे पैसे पन्नास वर्षांनी येतात. विशीत वाजवलेल्याच्या सत्तरीत. 2020 मध्ये आयर्लंडच्याच एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की रेडिओ आणि पबमधून जमणाऱ्या पैशातला वादकांचा वाटा ते परदेशी आहेत म्हणून कंपन्यांना गिळता येणार नाही. चांगलं झालं. पण आता ऐकणारे रेडिओवरून मोबाइलवर गेले, आणि मागणीनुसार ऐकल्या जाणाऱ्या गाण्यात सेशनच्या वादकाला बहुतेक देशांत असा थेट हक्क नाही.

आयर्लंडने 2022 मध्ये 2000 कलावंतांना दर आठवड्याला 325 युरो देणारी योजना सुरू केली. पात्र अर्जांतून निवड सोडत काढून झाली. या योजनेचं मी मनापासून स्वागत करते. घरभाडं भागलं की माणूस रियाजाला बसू शकतो. तरी ते अनुदान आहे. जे वादकाने कमावलं ते त्याला देणं आणि जे त्याला हवं ते सरकारने देणं या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी ठेवता येत नाहीत.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनच्या रांगा उभ्या केल्या त्या मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना येत होती, हार्मनी येत होती. गाण्याची सुरुवात, मधले तुकडे, मागून सरकणारी व्हायोलिनची ओळ, हे सारं अनेकदा त्यांनी बांधलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले थोर व्हायोलिनवादक आणि संयोजक. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि शिष्याने गुरूचं नाव 1977 मध्ये एका गाण्यात घालून देशभर पोचवलं. लोकांनी ते नाव गुणगुणलं, पण त्यामागच्या माणसाने किती गाण्यांना आकार दिला हे तबकड्यांच्या लेबलांवर छापलं गेलं नाही. माझी कसोटी इथे लावून पाहा. आज गावोगावच्या ऑर्केस्ट्रात जुनं गाणं घेतात तेव्हा कीबोर्डवाल्याला मधला तुकडा जसाच्या तसा वाजवावा लागतो. चुकला तर पहिल्या रांगेतून आवाज येतो.

आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, कलावंतांनाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण त्याच दुरुस्तीत कलावंताच्या व्याख्येला एक परंतुक जोडलं गेलं: चित्रपटातलं ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रूढीनुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा इतर कुठेच दिलं जात नाही, त्याला, एका नैतिक हक्कापुरता अपवाद सोडून, कलावंत मानलं जाणार नाही. म्हणजे नाव न देणं ही जी मूळ चूक, तिलाच हक्क नाकारण्याचा आधार केलं. प्रासंगिक काय आणि गाण्याचा कणा काय हे ठरवणारा पुन्हा तोच, ज्याच्या हाती श्रेयनामावली आहे.

मला हवं आहे ते फार गुंतागुंतीचं नाही. ध्वनिमुद्रण संपून वादक केसमध्ये व्हायोलिन ठेवायच्या आधी एका कागदावर सह्या व्हाव्यात: कुणी काय वाजवलं, त्यातलं लिहून दिलेलं किती आणि तिथेच सुचलेलं किती, गाण्याची ओळख ठरणारी धून कुणाची. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या ध्वनिमुद्रणांना, मग तो आयर्लंडच्या कला परिषदेचा पैसा असो की आपल्या राज्यांच्या सांस्कृतिक खात्यांचा, या कागदाशिवाय शेवटचा हप्ता मिळू नये. गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर गायकाच्या नावाखाली वादकांची नावं दिसणं सक्तीचं व्हावं. तिथे जागेची अडचण नाही, तबकडीच्या लेबलावर तरी होती. आणि आपल्या कायद्यातून ते परंतुक काढून टाकावं, निदान त्यातला श्रेयनामावलीचा निकष तरी वगळावा, म्हणजे ज्याचं नाव द्यायचं राहिलं त्याचा हक्क त्या राहून जाण्यावर अवलंबून उरणार नाही.